बांधावरच्या आठ खुंट्या

करावे,
रविवार, २१ नोव्हेंबर १९८२

प्रिय सुधीर यास,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र ऐन दिवाळीत आलं आणि मी आठवडाभर ते खिशात घेऊन फिरलो. उशीर झाला म्हणून शिव्या दे, खाली मान घालून ऐकीन. आईंना माझा नमस्कार सांग. काठी टेकत अंगणात दहा फेऱ्या मारतोस आणि त्याही वहीत लिहून ठेवतोस हे वाचून हसू आलं. मोजल्याशिवाय तुला चैन पडायची नाही.

इकडे सगळं ठीक. कमळीला सहावा महिना लागलाय. आई अजून तेच म्हणते जे तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हा म्हणाली होती, "कोनाचे मागं धावतंस रं? काय चोरलंस?" कंपनीत स्टोअरला तुझ्या खुर्चीवर ठाण्याचा एक माणूस आणून बसवलाय. नट मागितला की बोल्ट देतो आणि वर माझीच चिठ्ठी चुकली म्हणतो. परवा त्याची कॉलर धरून त्याला रॅकवर आपटलं. फोरमनने मध्ये पडून सोडवलं, मेमो मिळाला. माझा हात आजकाल लवकर उठतो. आधीही उठायचाच म्हणा, पण आधी मी दहापर्यंत मोजायचो. तूच शिकवलं होतंस.

धावणं चालू आहे. सकाळी सहाला निघतो. उघाडीपासून बांधावरून बेलापूरच्या टोकापर्यंत आणि परत. उघाडी म्हणजे काय हे तू पहिल्या दिवशी विचारलं होतंस आणि खाडीचं पाणी आतबाहेर करायची ती लाकडी झडप दाखवल्यावर म्हणाला होतास, "चला, स्टार्टिंग लाइन मिळाली." ती झडप यंदा सडलीय. उधाणाला बांधावर टाचभर पाणी चढतं, त्यातून धावलं की बूट दोन दिवस वाळत नाहीत. उजव्या अंगठ्याचं नख काळं होऊन पडलं. बनियनने छाती सोलवटली, त्यावर खोबरेल लावतो. आणि तरी सुधीर, परवा थंडी पडली होती, वारा पाठीमागून होता, आणि तिसऱ्या मैलाला ते झालं जे तू सांगायचास. श्वास आपोआप यायला लागला. पाय माझे नव्हतेच. अर्धा मैल मला कसलीही आठवण झाली नाही.

मग झाली. बेलापूरच्या अलीकडचा तो पिवळा कुत्रा, ज्याला तू बिस्किट टाकायचास, तो सोबत धावायला लागला. खाडीच्या बाजूने, तू धावायचास तिथून. भुंकला नाही, काही नाही. मी थांबून दगड उचलला आणि त्याला घातला. पुढचा पाय मोडला त्याचा. केकाटत खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत शिरला. मी पाऊण मैल तसाच पुढे गेलो आणि मग बांधावर बसून ओकलो. हे तुला का लिहितोय कळत नाही. दुसऱ्या कोणाला सांगणार?

आता तू विचारलेलं. चौदा फेब्रुवारीला आमच्या गावाने तुला सरकारी मोजणीवाला समजून मारलं, हे तू इतकं सरळ लिहिलंस, शिवी न देता, की मला पुढचं वाचवेना. अंगावर जाळं होतं म्हणून गुडघ्यावर वल्हं कोणी घातलं ते तुला दिसलं नाही, मला दिसलं का, असं विचारतोस. सुधीर, साठसत्तर माणसं होती. चिखल उडत होता, आरडाओरडा चालला होता. मी मागे होतो. मला नाही दिसलं.

पनवेलच्या कोर्टात पंचवीस जानेवारीला तुझी साक्ष आहे ते कळलं. केस एकट्या देवजीवर उभी राहिलीय, कारण जाळं त्याचं होतं. देवजी माझ्या बायकोचा सख्खा भाऊ, आणि तरी तू मला पत्र लिहितोस, यातच तुझं मन दिसतं. तो जामिनावर आहे. होडी घेऊन जातो, येतो, कोणाशी बोलत नाही. जमिनी सरकारजमा करण्याच्या ज्या नोटिसांवरून हे सगळं पेटलं त्या नोटिसा अजून घराघरात पत्र्याच्या पेटीत पडून आहेत.

मी अजूनही बांधाच्या आतल्या बाजूने धावतो. खाडीकडची बाजू तुझी.

तुझा,
जया

करावे,
रविवार, १२ डिसेंबर १९८२

प्रिय सुधीर,

सप्रेम जय भीम. पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. आता काठीशिवाय संडासापर्यंत जातोस म्हणजे मोठी मजल आहे. गुडघा वाकत नाही म्हणतोस, तो वाकेल. नाही वाकला तर, मला माहीत नाही काय लिहावं.

शिवरामकाकांनी एशियाडसाठी टीव्ही घेतला. काका म्हणजे आमचे गावचे पुढारी, तू त्यांना एकदाच पाहिलंस. सगळं गाव त्यांच्या ओटीवर लोटलं होतं. दहा हजार मीटरला ती माणसं गोल गोल फिरत राहिली आणि शेवटी जिथून सुटली तिथेच आली, तेव्हा काकू म्हणाल्या, "मंग गेलं कशाला?" सगळे हसले. मी पण हसलो, आणि उठून बाहेर आलो. तू असतास तर त्यांना दर फेरीचा वेळ सांगत बसला असतास.

तुला एक सांगितलं नव्हतं. कंपनीच्या स्पोर्ट्‌समध्ये पाच मैलांत मी तिसरा आलो. अठ्ठावीस फेब्रुवारीला. तू तेव्हा हॉस्पिटलात होतास, पाय वर टांगलेला. आदल्या दिवशी मी तुला भेटून, मोसंबी देऊन आलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन धावलो. तू असतास तर पहिला आला असतास आणि मी चौथा. स्टीलचा डबा मिळाला. आईने त्यात मीठ भरलंय.

तू लिहितोस की त्या दिवसातली एकच चांगली गोष्ट तुला आठवते. तू परत फिरून पळत होतास, मागे लोक होते, आणि तुला माझी हाक ऐकू आली. सुधीर, थांब. "तू वाचवायला येतोयस हे कळलं म्हणून मी थांबलो," असं लिहिलंयस. पंचवीस तारखेला तुझ्या बाजूने साक्षीला उभा राहशील का, असंही विचारलंयस. देवजीचं नाव तू घेणार, कारण जाळं त्याचं म्हणजे वल्हंही त्याचंच.

असं लिहू नकोस. हात जोडतो.

त्याऐवजी मी तुला दुसरं सांगतो, जे तुला माहीत नाही. तो सात फेब्रुवारीचा रविवार आठवतोय? त्याआधी आपण नुसते अंदाजाने धावायचो. मी म्हणायचो तीन मैल झाले, तू म्हणायचास पावणेतीन, आणि त्यावर कंपनीच्या बसमध्ये आपली भांडणं. शेवटी तू म्हणालास, मोजूनच टाकू. मी होडीची दोरी आणली, एकशे दहा फूट. सहा वेळा टाकली की एक फर्लांग, आठ फर्लांगांचा मैल. खुंट्या मी घरी तासल्या होत्या, कंपनीतून चोरून आणलेला लाल रंग फासला होता, वर पांढऱ्याने एक ते आठ आकडे घातले होते. माझ्या हाताने. तू पुढे वही घेऊन, दोरीचं टोक ओढत, खुंट्या ठोकत. मी मागचं टोक दाबून धरून तिवरांच्या आडोशाला बसलेला. मिठागरावरून बघणाऱ्याला एकच माणूस दिसला. पँट-शर्टातला, परका, हातात वही, दोरीने जमीन मोजून लाल खुंट्या मारणारा.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गावात नोटिसा आल्या.

गुरुवारी चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं. "खुंट्यांचे आतलं सगलं जानार. लाल रंग म्हंजे सरकारी." आकडे घातलेत म्हणजे सातबाराशी जुळवलेत, असं एक जण म्हणाला. आठ नंबरच्या आत देवजीचं मिठागर येत होतं, पाचाच्या आत काकांची भातशेती. मला तेव्हा हसू आलं, खरंच सांगतो. ग्लास खाली ठेवून "अरे गाढवांनो, त्या माझ्या खुंट्या, मी धावायला मारल्यात," एवढं म्हणायचा अवकाश होता. दोन दिवस माझी टिंगल झाली असती, संपलं असतं.

मी बोललो नाही. का, ते ऐक. बुधवारी सकाळी मी उघाडी ते आठ नंबर पाच मिनिटं बावन्न सेकंदांत कापलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा मैल माहीत झाला होता. बोललो असतो तर खुंट्या उपटाव्या लागल्या असत्या, आणि स्पोर्ट्‌सला सतरा दिवस उरले होते. म्हटलं, तेवढे दिवस जाऊ देत, मग सांगू.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी तू आलास.

त्या खुंट्या मोजणीच्या नव्हत्या हे गावात मला एकट्याला ठाऊक होतं. इतकं कळल्यावरही पत्र लिहावंसं वाटलं तर लिही.

जया

करावे,
रविवार, २ जानेवारी १९८३

प्रिय सुधीर,

जय भीम. तुझं पत्र आलं. तीनच ओळींचं आहे, पण आलं. "तू मूर्ख आहेस, पण मारलं तू नाहीस" असं लिहिलंयस. पुढे काय लिहू कळेना म्हणून चार दिवस गेले, आणि मग जे झालं त्याने लिहिणं भाग पडलं.

मी यापुढे निदान दोन महिने धावणार नाही. शुक्रवारी सकाळी धावून आलो, ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होतो. समोर देवजीचं घर. गोजरावहिनी, देवजीची बायको, दारात बसून मासळी साफ करत होती. ती उठली, तशीच कोयता घेऊन आली. मला वाटलं कमळीकडे काही मागायला आली असेल. तिने माझ्या पायावर कोयता घातला. बुटासकट. पहिला घाव कॅनव्हासवर, रबराच्या टोकाला लागून घसरला. दुसरा आत गेला. मी बोंबललो आणि मागे सरकलो तर ती गुडघे टेकून बसली आणि दुसरा बूट, जो मी काढून ठेवला होता, त्याचे तुकडे करत राहिली. भाजी चिरावी तसं शांतपणे. त्याचीच मला जास्त भीती वाटली. शिवी नाही, ओरडणं नाही, नुसती मान खाली घालून कोयता वर आणि खाली.

मग म्हणाली, "माजा दादला जेलान बसंल नि तू बांधावर धावशील? त्यानी फकस्त जालं टाकला. वल्हा कोनी मारला तं तुजे तोंडानं सांग. सांग तुजे दोस्ताला."

कमळी सातव्या महिन्याचं पोट धरून दारात उभी होती. सगळं ऐकत होती.

डाव्या पायाची करंगळी गेली, शेजारचं बोट नऊ टाक्यांवर आहे. मला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे कोणी नेलं माहीत आहे? देवजीने. बेलापूरपर्यंत, चालत, मध्ये एकदाही न उतरवता. माझं रक्त त्याच्या पाठीवरून ओघळून कमरेपर्यंत गेलं होतं. वाटेत मी त्याला म्हटलं, तू पोलिसांना का सांगत नाहीस? तर म्हणाला, "बयनीचं पोर जल्माला येल तवा त्याचा बाप घरान पायजे." एवढंच. गेल्या अकरा महिन्यांत तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

डॉक्टरला मी सांगितलं की लाकडं फोडताना लागलं. बूट घालून लाकडं फोडत होतास का, असं त्याने विचारलं, मी हो म्हटलं. गोजरावहिनीवर मला राग नाही. रागाने पेटून उठायची माझी सवय तुला माहीत आहे, मी स्वतःच शोधतोय, कुठे गेला तो राग. सापडत नाही.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. देवजीने वल्हं मारलेलं नाही. पंचवीस तारखेला तू तसं सांग. जाळं त्याचं होतं, त्याने टाकलं, तेवढं खरं आहे, तेवढं सांग. गुडघा त्याने मोडला नाही. तो निर्दोष आहे हे माझ्यावर विश्वास ठेवून सांग, आणि कोणी मारलं ते मला विचारू नकोस. गर्दी होती असं म्हण. अंधुक दिसत होतं म्हण. तुझ्या आईची शपथ घालतो. नको, ती खोडतो, तुझ्या आईला यात ओढायचा मला अधिकार नाही.

कमळी शुक्रवारपासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, ठेवते, जाते.

पायात ठणका आहे, त्यामुळे अक्षर वाईट आलंय.

जया

करावे,
शुक्रवार, १४ जानेवारी १९८३

सुधीर,

तुझं कार्ड काल आलं. कार्डावर दोनच शब्द. "मग कोणी?" खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमनने वाचलं असणार, त्याने माझ्याकडे पाहिलं.

आज संक्रांत आहे. घरात तिळगूळ झालेला नाही. कमळी आत माझ्या आईपाशी बसलीय. मी ओट्यावर पाय वर ठेवून लिहितोय, समोर गोजरावहिनी जाळं विणतेय, आणि तिला माहीत आहे मी काय लिहितोय.

रविवारी चौदा फेब्रुवारीला मी नेहमीसारखा सहाला निघालो. उघाडीपाशी पोचलो तर गाव जमलेलं. काकांच्या हातात उपटलेली खुंटी होती, पाच नंबरची. पाच मी कसा काढतो तुला माहीत आहे, वर शेपूट काढून. मी ती खुंटी बघत होतो, आकडा बघत होतो, आणि मनात एकच, कोणी ओळखेल का. तेवढ्यात बेलापूरकडून तू येताना दिसलास. गळ्यात घड्याळ, खिशात वही. कोणीतरी ओरडलं, "त्यो आला मोजनीवाला." तू थांबलास, गर्दी पाहिलीस, आणि वळून पळालास.

चाळीस माणसं तुझ्यामागे सुटली. मिठागरात जन्म काढलेली, चिखल तुडवलेली पोलादी पायांची माणसं. शंभर पावलांत त्यांना धाप लागली. तू मागे वळूनही पाहत नव्हतास. काय धावत होतास तू. कोपर आवळून, मान सरळ. मला, आणि हे लिहायची लाज वाटते, त्या क्षणीही वाटलं की याची टाच कशी उचलली जाते ते नीट बघून ठेवावं. त्या गावात तुला गाठू शकणारा कोणी नव्हता. रस्ता दोनशे पावलांवर होता. तू सुटला होतास, सुधीर.

काका म्हणाले, "जया, तुजा दोस्त हाय ना? हाक मार."

मी हाक मारली. वाचवायला नाही. काकांनी सांगितलं म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून. तू थांबलास, वळलास, मला ओळखून हात वर केलास. तुझ्या तोंडावर जे हसू आलं ते मी वर्षभर रोज सकाळी पाहतोय. पाण्याच्या बाजूने देवजी होडीतून बांधावर चढला होता. त्याने फेकलेलं जाळं तुझ्या डोक्यावर पडलं.

पुढचं तुला अंगाने माहीत आहे. लाथा, काठ्या, चिखलाचे गोळे. तू आतून "जया, जया" म्हणत होतास. मग काका माझ्याकडे वळले. "याचेबरोबर तू बी धावतंस. तुला या खुंट्या ठावं व्हत्या?" त्यांच्या हातात तो पाच. सगळे थांबले. कोणी तुला मारत नव्हतं त्या क्षणी, सगळे मला बघत होते. एक शब्द बोललो असतो तर जाळ्यात दोघे असतो, किंवा कोणीच नसतं. देवजीचं वल्हं पायाशी पडलं होतं. मी ते उचललं.

डोक्यात मारलं नाही, पाठीत मारलं नाही. मला कुठे मारायचं ते माहीत होतं. ज्या जागेवर माणूस धावतो त्या जागी मारलं. उजवा गुडघा, कारण तू उजव्यावर जोर देतोस, तूच मला सांगितलं होतंस. पहिला घाव घातला आणि आवाज आला, ओला बांबू मोडताना येतो तसला. तू ओरडलाही नाहीस, नुसता श्वास आत घेतलास. मग दुसरा घाव घातला. आणि सुधीर, आता लिहायचंच आहे तर हेही लिहितो. दुसरा घाव घालताना मला बरं वाटलं. गावाने माझ्याकडे बघणं थांबवलं होतं. मी पुन्हा त्यांच्यातला झालो होतो. तिसऱ्यासाठी वल्हं उचललं तेव्हा देवजीने माझं मनगट धरलं. "भावजी, बस. मरंल त्यो." तो नसता तर मी थांबलो नसतो.

ज्याने मला धरलं तो आरोपी आहे, आणि मी तुझ्यासाठी मोसंबी घेऊन आलो होतो.

तू मला मूर्ख म्हणालास. मूर्खपणा गुरुवारपर्यंत होता. रविवारी जे झालं त्याला तो शब्द पुरत नाही. गावाला राग होता, तो खराही होता, पिढ्यांची जमीन कागदाच्या कपट्यावर जात होती. मला तुझ्यावर कसला राग होता? शोधला, तर एकच सापडला. वर्षभर तू नेहमी माझ्यापुढे अर्धं पाऊल असायचास. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून कोणी कोणाचा गुडघा फोडत नाही असं स्वतःला सांगून पाहिलं. पण वल्हं उचलताना हाताला जे बळ आलं ते कुठून आलं, याचं दुसरं उत्तर माझ्यापाशी नाही.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी कमळीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मना वयनीनं कवाच सांगितला व्हता. तू कवा सांगतंस तेची वाट बघत व्हती." मग म्हणाली, "जा तू. पोराला मी सांगंन, बाप कंय गेला नि कशापायी." आईने ऐकलं आणि स्टीलच्या त्या डब्यातलं मीठ अंगणात ओतून डबा खाडीत भिरकावला. कानावर गेलं असणार, शिवरामकाका सकाळी येऊन गेले. म्हणाले, एकदा तू तोंड उघडलंस की पुढची नावं निघतील, मग या गावात तुला पाणी मिळणार नाही. मी म्हटलं, हाक मारायला तुम्ही सांगितलं होतं, तेही सांगणार आहे. त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. माझा हात उठला नाही. दहापर्यंत मोजत होतो, सातावर ते निघून गेले.

सोमवारी मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. पण माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. मी गुरुवारी बोललो नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. मी कसा आहे ते मला आता चांगलं माहीत आहे. म्हणून उद्या सकाळी हे पत्र रजिस्टर करून तुझ्याकडे पाठवतोय, आणि पावती गोजरावहिनीच्या हातात देणार आहे. सोमवारी मी गेलो तर ठीक. नाही गेलो, तर पंचवीस तारखेला कोर्टात हे पत्र दे. अक्षर माझं आहे, कंपनीत माझ्या चिठ्ठ्या आहेत, जुळवता येतील. आठ नंबरची खुंटी बांधावर अजून तशीच उभी आहे, ती कोणी उपटली नाही. पांढरा आकडा थोडा उडालाय, पण वाचता येतो.

बांधावर तुझी बाजू मी अडवणार नाही. गुडघा वाकला तर ये कधी. नाही वाकला तर, तेही मीच केलंय.

एक शेवटचं. पंचवीस तारखेला कदाचित मी कोर्टाच्या पायरीपाशी असेन, मोकळा. कदाचित धीर सुटेल. तू काठी टेकत आत निघशील आणि मी मागून तुला हाक मारीन. कमळीचं नाव घेईन, जन्माला यायच्या पोराचं नाव घेईन, आपण सोबत धावलेल्या सकाळी काढीन. माझा आवाज तुझ्या ओळखीचा आहे, तुझे पाय आपोआप अडतील.

या वेळी थांबू नकोस.

वल्ह्याचे दोन्ही घाव घालणारा,
जयदेव सिताराम तांडेल
वय २९, राहणार करावे